तीन नंबरचा चौकोन

नोरीन पॅस्कोच्या दारावरची पाटी बदलली त्याच सोमवारी मार्मलेडची अख्खी कढई तळाला लागली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे फॅक्टरीत कोणीही मानायला तयार नव्हतं. जुनी पाटी लाकडी होती, तिच्यावर 'पगार व रजा' असं रंगवलेलं होतं. नवी प्लास्टिकची होती, मेलबर्नहून समुद्र ओलांडून आली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं 'मानव संसाधन विभाग'. विभाग म्हणजे नोरीन, एक टेबल, एक हीटर आणि खिडकीतलं जिरेनियम.

"म्हणजे आम्ही आता संसाधन," बरण्यांच्या पट्ट्यावरची मर्ल हॅडक पाटी वाचून म्हणाली. "साखर, बरण्या, झाकणं आणि मर्ल."

"झाकणांच्या आधी तरी घे की स्वतःला."

"नको बाई. झाकणं वेळेवर येतात."

ही गोष्ट १९९६ सालची. टेबलावर कॉम्प्युटर आले होते, पण धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर भरतकामाचं कापड घालून ठेवायचे, त्या दिवसांतली. टास्मानियाच्या दक्षिणेला मर्टल क्रॉसिंग नावाचं आमचं गाव आणि गावात ट्रेगार्थन यांची जॅमची फॅक्टरी. माणसं त्रेचाळीस. ट्रेगार्थन कुटुंबानं त्या हिवाळ्यात फॅक्टरी मेलबर्नच्या कंपनीला विकली आणि ते क्वीन्सलंडला ऊन खायला निघून गेले. मागे राहिलेल्यांसाठी कंपनीनं पाटीबरोबर एक खोकं पाठवलं. त्यात त्रेचाळीस छापील फॉर्म होते आणि त्रेचाळीस पेन्सिली. पेन्सिली चांगल्या होत्या. त्या पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत.

फॉर्मचं नाव 'कर्मचारी समरसता पाहणी'. चाळीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन. पहिला चौकोन म्हणजे 'अजिबात मान्य नाही', पाचवा म्हणजे 'पूर्णपणे मान्य'. 'रोज सकाळी कामावर यायला मला उत्साह वाटतो.' 'माझ्या कामाचा मला अभिमान आहे.' अधूनमधून उलट्या तोंडाचीही वाक्यं होती. 'नोकरी सोडावी असं माझ्या वारंवार मनात येतं', अशी. शहाण्या माणसानं लक्ष देऊन वाचावं म्हणून ती मुद्दाम पेरलेली असतात, असं नोरीनला पुढे कळलं. तेव्हा उशीर झाला होता.

आता मर्टल क्रॉसिंगच्या माणसांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बॉयलरवरच्या डेस किल्बीचा भोपळा जत्रेत पहिला आला. भोपळा चौघांनी उचलून आणावा लागला होता. कसं वाटतंय, असं वर्तमानपत्रवाल्यानं विचारल्यावर डेस म्हणाला, "वाईट नाही." त्याच डेसच्या पायावरून पुढच्या वर्षी ट्रॅक्टर गेला. इस्पितळात नोरीननं विचारलं, कसं आहे. "तक्रार नाही." म्हणजे आनंद असो की संकट, माणसानं मधल्या चौकोनात राहावं. पाचव्या चौकोनात बरोबरची खूण करणं म्हणजे टेबलावर उभं राहून स्वतःची आरती ओवाळणं, आणि पहिल्यात करणं म्हणजे रडगाणं. दोन्ही गोष्टी चारचौघांत करायच्या नसतात.

तेव्हा ऑक्टोबरात त्रेचाळीस माणसांनी चाळीस वाक्यांपुढे तीन नंबरच्या चौकोनात खूण केली. नोरीननंसुद्धा. सव्वीस वर्षं ती रोज सकाळी या फॅक्टरीत खुशीनं आली होती. 'उत्साह वाटतो' या वाक्यापाशी तिची पेन्सिल चार नंबरवर जरा रेंगाळली होती. पण शेजारी मर्ल बसली होती.

तीन आठवड्यांनी मेलबर्नहून कॅसलारीबाईंचं पत्र आलं. बाई मुख्य कचेरीत समरसतेच्या प्रमुख होत्या. कंपनीच्या अकरा ठिकाणांत मर्टल क्रॉसिंगचा नंबर शेवटचा लागला होता: पाचपैकी तीन पूर्णांक शून्य शून्य. कर्मचारी संपूर्णपणे उदासीन आहेत, असं पत्रात म्हटलं होतं. क्वीन्सलंडच्या अननसाच्या फॅक्टरीला चार पूर्णांक सहा गुण होते. पण तिकडच्या लोकांचं सोडा, त्यांना इतकं ऊन लागतं की त्यांना काहीही पूर्णपणे मान्य असतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की एप्रिलच्या पाहणीत गुण चारावर गेले नाहीत, तर इथल्या विभागाचं काम मेलबर्नहून चालवण्यात येईल, आणि 'सध्याच्या विभागप्रमुखांना त्यांच्या पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा'.

नोरीननं त्या शुभेच्छा चार वेळा वाचल्या. मग पत्राची घडी करून जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवली.

तिला नोकरीची काळजी होतीच. पण त्याहून तिला राग आला होता. मार्चनंतर, इकडे थंडी सुरू झाली की, मर्लच्या गुडघ्याला गारठा सोसत नाही, हे मेलबर्नमधून कोण बघणार होतं? आयव्ही आणि ऊना या प्राउज बहिणी १९७९ सालच्या एका पाव्हलोव्हा केकवरून एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांना एका पट्ट्यावर लावायचं नसतं, हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं? सव्वीस वर्षं नोरीन हे सगळं डोक्यात ठेवून चालत होती. त्याला विभाग म्हणतात हे तिला पाटी आल्यावर कळलं, इतकंच.

पत्राचं तिनं कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या डन्स्टनबाईंनाही नाही. पण बाईंनी तिला दुसरीत शिकवलं होतं, त्यामुळे कुंपणावरून नुसता चेहरा बघून त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"मुलांना उत्साह नाही ना? मग सोनेरी चांदणी," बाई वाटाण्याच्या शेंगा तोडत म्हणाल्या. "अक्षरासाठी मी तुला एक दिली होती. आठवतं?"

"आहे अजून. शिवणाच्या डब्यात."

"तेच म्हणते मी."

"बाई, पण ही मुलं साठीला आलीत."

"मग चांदणी मोठी कर."

मेलबर्नहून आलेल्या मार्गदर्शिकेतही, मोठ्या शब्दांत, हेच निघालं. 'महिन्याचा मानकरी.' दर महिन्याला एका गुणी कर्मचाऱ्याचा फोटो सर्वांच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावावा. त्यासाठी खिळा हवा आणि खिळ्यासाठी 'भिंतीस छिद्र पाडण्याचा अर्ज'. नोरीननं अर्ज पाठवला. मेलबर्ननं विचारलं, भिंत भार पेलणारी आहे काय. तिनं कळवलं की खिळा आधीपासूनच आहे, त्याच्यावर फुटबॉलचं कॅलेंडर आहे. मेलबर्ननं विचारलं, मूळ खिळ्याला परवानगी कोणी दिली होती. या पत्राला नोरीननं उत्तर दिलं नाही आणि कॅलेंडर काढून ठेवलं. नियम मोडण्याची तिची ती पहिलीच वेळ. तिला दिवसभर जरा हलकं वाटत राहिलं.

पहिला मान डेस किल्बीचा, यात शंका नव्हती. एकतीस वर्षं त्यानं बॉयलर एकदाही थंड होऊ दिला नव्हता. भोपळ्याबरोबरचा त्याचा फोटो मिळाला, त्यातला भोपळा कापून टाकावा लागला. सोमवारी चहाचा भोंगा झाला, माणसं चहाच्या खोलीत आली आणि दारातच थांबली. डेस हातात कप घेऊन स्वतःकडे बघत उभा राहिला. मग मर्ल पुढे आली.

"डेस, तुझ्याशी नुसतं बोललं तर चालतं, की आधी अर्ज करावा लागतो?"

"महाराजांना बिस्कीट द्या रे कोणीतरी."

"तसं नको. तबकातून द्या."

डेस कप घेऊन परत बॉयलरकडे गेला. पुढचे चार दिवस त्यानं तिथेच चहा घेतला. शुक्रवारी तो टोपी हातात धरून नोरीनच्या दारात उभा राहिला.

"नोरीन, माझ्या हातून तुझं काही वाईट झालंय का?"

"अरे, हा मान आहे तुझा."

"एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं गं. काल बायकोनं जेवताना विचारलं, मानकरी, बटाटा वाढू का. माझ्या बायकोनं."

नोरीननं मार्गदर्शिका उघडून पाहिली. तिच्यात बटाट्याबद्दल काही नव्हतं.

डिसेंबरात लोक सावध झाले. पुढचा फोटो आपला लागू नये म्हणून प्रत्येकानं आपापल्या परीनं प्रयत्न केले. कधी मिनिटभर उशीर न करणारी मर्ल रोज अकरा मिनिटं उशिरा यायला लागली आणि आल्या आल्या दारात थांबून सांगायची, "लिहून घे. नीट लिही, अकरा." लेबलं तिरकी लागायला लागली. ऊना प्राउजनं तर एका बरणीला दोन झाकणं लावून दाखवली, एकावर एक, आणि हे कौशल्याचं काम असल्यामुळे आपणच निवडले जाऊ की काय, या भीतीनं रात्रभर झोपली नाही. महिनाअखेरीस नोरीननं यादी खालून वर आणि वरून खाली पाहिली. ज्याच्या कामात काही खोट काढता येत नव्हती असा एकच माणूस होता. ढकलगाडीवरचा कॉलिन ट्रूएट. तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर होता.

बातमी ऐकून इस्पितळात त्याला हसू आलं आणि एक टाका तुटला. त्याच्या बायकोनं फोन केला. ती काय बोलली ते नोरीननं कधी सांगितलं नाही, पण नंतर बराच वेळ ती जिरेनियमची वाळलेली पानं काढत होती.

जानेवारीत 'विभागांची सरमिसळ' आली. चहाच्या खोलीत एकाच कामाची माणसं एकत्र बसतात, ते अपायकारक असतं म्हणे. खुर्च्यांवर नंबरांची कार्डं ठेवावीत आणि प्रत्येकानं चिठ्ठी काढून बसावं. आता चहाच्या खोलीतल्या खुर्च्या म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. डेसच्या खुर्चीला डेसचा आकार आला होता. नोरीननं कार्डं मांडली. भोंगा झाला. माणसं आली, त्यांनी कार्डं वाचली, कप भरून घेतले आणि ती एका ओळीत बाहेर मालाच्या अंगणात जाऊन रिमझिम पावसात उभी राहिली. नोरीन खिडकीतून बघत होती. आयव्ही प्राउजकडे छत्री होती. थोड्या वेळानं ऊना तिच्या छत्रीखाली आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या बोलल्या. ऊना म्हणाली, "हिला काय झालंय गं?" आयव्ही म्हणाली, "देव जाणे. आधी अशी नव्हती."

याला समरसता म्हणायचं असेल, तर ती तेवढी साधली.

फेब्रुवारीत 'आनंद दिवस'. त्याचा फॉर्म चार पानी होता. आनंद घेणाऱ्यांची अपेक्षित संख्या. आनंदाचा कालावधी. आनंदाच्या जवळचं प्रथमोपचाराचं ठिकाण. कार्यक्रमांत एक खेळ होता: माणसानं डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो.

"विश्वास आहे म्हणूनच पडायची गरज नाही," मर्ल म्हणाली.

"अगं, एकदा करून तरी बघा," नोरीन म्हणाली. ती आता थकली होती. "बघा, मी पडते. डेस, मर्ल, कॉलिन, मागे उभे राहा. नाही, कॉलिन, तू नको."

ती पाठमोरी उभी राहिली, डोळे मिटले, हात छातीशी घेतले आणि मागे झुकली. त्याच क्षणी चहाचा भोंगा झाला.

यात कोणाची चूक नव्हती. एकतीस वर्षं, सव्वीस वर्षं, एकोणीस वर्षं ही माणसं त्या भोंग्याला हातातलं काम खाली ठेवत आली होती. हात आपोआप खाली गेले. नोरीन फरशीवर अशी आपटली की शेल्फावरच्या रिकाम्या बरण्या किणकिणल्या.

"लागलं का?" डेस पांढराफटक पडला होता.

नोरीन छताकडे बघत होती. "तक्रार नाही," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून दोन्ही बाजूंनी कानांकडे पाणी ओघळलं.

नोरीनला रडताना फॅक्टरीत कोणी पाहिलं नव्हतं. मर्लनं तिला उठवलं, चहात तिसरा चमचा साखर घातली, आणि सुटी झाल्यावर ती घरी न जाता थेट डन्स्टनबाईंच्या फाटकाशी गेली. डन्स्टनबाईंनी मर्ललाही शिकवलं होतं. त्या संध्याकाळी जिरेनियमच्या कुंडीखालचं पत्र फॅक्टरीत सर्वांना ठाऊक झालं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे नोरीनला कळू द्यायचं नाही, हेही ठरलं. अपघाताचा फॉर्म नोरीननं स्वतःच भरला. 'अपघाताचे कारण' या रकान्यात तिनं लिहिलं, आनंद. दोन आठवडे ती उशीवर बसत होती. उशी तिच्या खुर्चीवर कोणी आणून ठेवली ते तिनं विचारलं नाही. प्राउज बहिणींच्या घरच्या विणकामाची होती.

एप्रिल आला. पाहणीच्या वेळी विभागप्रमुखानं हजर राहायचं नाही, असा नियम होता. नोरीननं फॉर्म वाटले आणि आपल्या खोलीत दार लावून बसली. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्या. मग डेसचा आवाज आला. डेस चारचौघांत बोलतोय, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. शब्द कळले नाहीत. सहा मिनिटांनी डेसनं दारावर टकटक केलं आणि बंद पाकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"सहा मिनिटांत चाळीस वाक्यं?"

"वाचत बसलं की माणूस विचार करतो. म्हणून वाचू नका म्हटलं."

"डेस, काय लिहिलंत तुम्ही?"

"तू बघायचं नसतं ना?"

"नाही."

"मग नको बघू."

त्याचे कान लाल झाले होते. दारातून दिसणाऱ्या सगळ्यांचेच झाले होते. सगळे एकमेकांची नजर टाळत होते, जणू खाडीत उघडेनागडे पोहताना पाद्र्यानं पाहिलं होतं. नोरीनला कळायचं ते कळलं. तिनं गठ्ठा टपालात टाकला आणि त्या संध्याकाळी शिवणाचा डबा उघडून उगाच एक जुनी सोनेरी चांदणी बघत बसली.

मे महिन्यात कॅसलारीबाई स्वतः आल्या. नोरीनच्या मनातल्या कॅसलारीबाई उंच आणि राखाडी केसांच्या होत्या. आलेली बाई तिशीची होती. ती छोट्या विमानानं आली होती आणि तिनं फॉर्मचं खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

"पॅस्कोबाई, मी वीस वर्षांचे अहवाल चाळले. असं कधी झालेलं नाही." तिनं फॉर्म टेबलावर पसरले. "त्रेचाळीस माणसं. सगळी वाक्यं. सगळीकडे पाच."

नोरीननं वरचा फॉर्म उचलला. पाच. मर्लनं पाच. भोपळ्याला वाईट नाही म्हणणाऱ्या डेसनं चाळीस वेळा पाच. त्रेचाळिसावा फॉर्म तिचा स्वतःचा असायला हवा होता, पण या वेळी तिनं तो भरलाच नव्हता. तो कोणीतरी तिच्या नावानं भरून टाकला होता, तेही पाच.

"मग झालं ना?" ती कशीबशी म्हणाली.

"बारावं वाक्य वाचा."

'नोकरी सोडावी असं माझ्या वारंवार मनात येतं.' पूर्णपणे मान्य.

"सतरावं."

'विभागप्रमुखांमुळे माझं काम अवघड होतं.' पूर्णपणे मान्य.

"वीस वाक्यं सुलटी असतात, वीस उलटी. उलट्या वाक्यात पाच लिहिलं की यंत्र एक धरतं. पाच आणि एक यांची सरासरी काढली की..." बाईंनी एवढ्यावर थांबून खालचा आकडा बोटानं दाखवला. तीन पूर्णांक शून्य शून्य.

मग चहाचा भोंगा झाला.

"चहा घेणार?" नोरीननं विचारलं.

चहाच्या खोलीत खुर्च्या जागच्या जागी आल्या होत्या आणि खिळ्यावर फुटबॉलचं कॅलेंडर होतं. सगळे उभे राहिले. बाईंकडे बघावं की नाही, हे कोणाला समजत नव्हतं. डेसनं आपली खुर्ची पुढे केली. मर्लनं एक गरम स्कोन, चहाबरोबर खायचा मऊ पाव, कापला, त्याच्यावर या हंगामातला रासबेरी जॅम घातला आणि बशी बाईंपुढे सरकवली. बाईंनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा, आणि डोळे क्षणभर मिटले.

"कसा आहे?" मर्लनं विचारलं.

"वाईट नाही," बाई म्हणाल्या.

खोलीत कोणीतरी श्वास सोडला.

"कुठली गं तू, पोरी?" डेसनं विचारलं.

"वॉरनॅम्बूलकडची. बाबांच्या गाई आहेत."

"तरीच."

"विद्यापीठात पहिली आले तेव्हा बाबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, वाईट नाही." बाई स्कोनकडे बघत होत्या. "मग गोठ्यात गेले आणि गाईंना सांगून आले. मी ऐकलं होतं." त्यांनी स्कोन बशीत ठेवला. "म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही जे लिहिलंत..."

"ते खरं होतं," डेस म्हणाला. "आत्ताचं खोटं. त्याबद्दल माफ कर. असं चाळीस वेळा लिहायला आम्हालाही बरं नाही वाटलं."

"मग लिहिलंत कशाला?"

डेस टोपी फिरवत राहिला. उत्तर मर्लनं दिलं, कपात बघत, जणू कपाशीच बोलत होती.

"तिला एकदा पडू दिलं होतं आम्ही. दुसऱ्यांदा नाही."

नोरीननं घाईघाईनं किटलीकडे तोंड वळवलं. किटली भरलेली होती, तरी ती भरत राहिली, आणि पाणी बाहेर सांडेपर्यंत तिला कोणी थांबवलं नाही.

कॅसलारीबाईंनी अहवाल लिहिला. त्यात 'स्थानिक गुणक' असा शब्द होता. तो मेलबर्नमध्ये कोणाला कळला नाही, म्हणून कोणी प्रश्नही विचारला नाही. मर्टल क्रॉसिंगचा विभाग 'अभ्यासासाठी' चालू ठेवण्यात आला आणि नोरीन साठ वर्षांची होऊन निवृत्त होईपर्यंत त्याचा अभ्यास चालू होता. चार पूर्णांक सहावाल्या क्वीन्सलंडच्या लोकांनी जूनमध्ये संप केला. प्राउज बहिणी पुन्हा बोलेनाशा झाल्या, आता छत्रीवरून.

जाताना बाईंनी नोरीनच्या टेबलावर एक लहानसं कार्ड ठेवलं. नियमच होता तसा. 'मुख्य कचेरीच्या भेटीबद्दल आपण समाधानी आहात काय?' खाली पाच चौकोन.

सगळे घरी गेल्यावर नोरीननं दार लावलं. पेन्सिल हातात घेतली. ती तीनवर ठेवली, उचलली आणि बराच वेळ हवेत धरून ठेवली. मग तिनं चार नंबरच्या चौकोनात एक छोटी, फिकट खूण केली आणि पाकीट लगेच चिकटवून टाकलं. बाहेर जायच्या टपालाच्या ट्रेमध्ये मात्र तिनं ते ठेवलं नाही. सकाळी मर्लनं ते उजेडाकडे धरून पाहिलं असतं. कोटाच्या आतल्या खिशात पाकीट घालून ती पावसात पुलापलीकडच्या टपालपेटीपर्यंत चालत गेली, आणि टाकण्याआधी तिनं दोन्ही बाजूंना पाहून घेतलं.